आठ जीबी टाकले की मशीन पळेल?

तालुक्याच्या ठिकाणी असतं तसं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, शाळेची स्मरणिका. आणि अलीकडे घर चालतं ते फ्लेक्सवर. दोन पीसी, एक लेझर प्रिंटर, एक ऑपरेटर ताई आणि गल्ल्यावर मालक काका. मुख्य पीसी स्लो झालाय ही तक्रार बरीच जुनी. दुरुस्तीवाल्या पोराने कॅबिनेट उघडलं, रॅमची, म्हणजे चालू कामासाठीच्या मेमरीची, चार जीबीची एक पट्टी आणि शेजारी रिकामा स्लॉट पाहिला आणि निकाल देऊन टाकला : "काका, आठ जीबी करून घ्या, मशीन पळायला लागेल." खर्चही डोळे फिरवणारा नव्हता. काकांचं म्हणणं एवढंच होतं की पैसे टाकायचे तर गुण आला पाहिजे.

दुकान नमुन्याचं आहे. अशा पुष्कळ दुकानांत दिसणाऱ्या गोष्टी इथे एका छपराखाली आणल्या आहेत. आकडे मात्र यंत्राच्या रचनेवरून किंवा कागदावरच्या हिशेबावरून कुणालाही काढता येतील तेवढेच घेतले आहेत.

यंत्र असं. इंटेल कोअर आय-३ ३२२०, म्हणजे २०१२ सालचा, तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर. दोन कोअर, चार थ्रेड (म्हणजे एका वेळी कामाचे चार धागे), वेग ३.३ गिगाहर्ट्झ. एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर रॅमचे दोन स्लॉट. त्यातल्या एकात डीडीआर-३ ची ४ जीबीची पट्टी. ५०० जीबीची हार्ड डिस्क, मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी. वेगळं ग्राफिक कार्ड नाही, त्यामुळे पडद्यावरच्या चित्रासाठी लागणारी मेमरीही याच चार जीबीतून जाते. वर विंडोज १०. ते या यंत्रावर कसं आलं हे पुढे सांगतो, कारण प्रकरणाची मेख तिथेच निघाली.

'स्लो' म्हणजे नेमकं कुठे

रॅमबद्दल बोलण्याआधी ताईंना विचारलं की अडतं कधी आणि काय करताना. मालकाला विचारून उपयोग नसतो. त्याला फक्त गिऱ्हाईक ताटकळलेलं दिसतं. ताईंनी पाच गोष्टी सांगितल्या. सकाळी बटण दाबून चहा घेऊन आलं तरी डेस्कटॉपवर क्लिक लागत नाही. फोटोशॉपमध्ये मोठ्या फ्लेक्सची फाइल घेतली की माऊससुद्धा लटकतो. कोरलड्रॉमध्ये पत्रिकेवर गणपती, कलश, वेलबुट्टी आणि प्रत्येकाला शॅडो दिली की झूम केल्यावर चित्र पुन्हा उमटायला वेळ लागतो. गिऱ्हाइकाचे फोटो उतरवायला व्हॉट्सॲप वेब उघडलं की बाकी सगळं मंदावतं. आणि तयार फाइल शहरातल्या फ्लेक्स प्रेसला पाठवताना कॉम्प्युटर फार वेळ घेतो.

पाचही तक्रारींना एकच शब्द लावला जातो, 'स्लो'. कारणं मात्र चार निघाली, आणि त्यातली दोन अशी की रॅम कितीही टाकली तरी केसभर फरक पडणार नाही.

फाइल पाठवण्याचं आधी उरकून टाकू. ३०० एमबीची फाइल म्हणजे २,४०० मेगाबिट. लाइनचा अपलोड वेग ५ एमबीपीएस असेल तर ४८० सेकंद, म्हणजे ८ मिनिटं लागणारच. तिथे नवाकोरा पीसी आणून ठेवला तरी आठच मिनिटं. उपाय फाइल हलकी करण्यात किंवा लाइन बदलण्यात आहे.

कोरलचं प्रकरण थोडं फसवं आहे. शॅडो उमटत असताना विंडोजचा टास्क मॅनेजर (कुठला भाग किती गुंतलाय ते दाखवणारी खिडकी) उघडला तर सीपीयू २५-३० टक्क्यांवर दिसतो, आणि पाहणारा म्हणतो, प्रोसेसर तर निवांत आहे, म्हणजे रॅमच कमी पडतेय. पण या प्रोसेसरवर विंडोजला चार लॉजिकल प्रोसेसर दिसतात. कोरलने यातलं बरंचसं काम एकाच थ्रेडवर टाकलं तर तो एक पूर्ण भरला तरी बेरीज २५ टक्केच दिसणार. आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' हा पर्याय निवडला की चार खिडक्यांपैकी एक कशी छताला टेकली आहे ते दिसतं. त्या वेळी मेमरी अर्धीअधिक मोकळी होती आणि डिस्क शांत. म्हणजे ही तक्रार प्रोसेसरची. पत्रिका वेक्टरमध्ये, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणितात असते, तिला मेमरी लागतेच किती! काम करताना नुसत्या कडा दाखवणारा वायरफ्रेम व्ह्यू ठेवायचा, शॅडो पक्क्या झाल्या की त्यांचा बिटमॅप (ठिपक्यांचं तयार चित्र) करून टाकायचा, इतकं केलं तरी बरंच सुसह्य होतं. डीटीपीवाल्यांची आणखी एक खोड म्हणजे फॉन्ट. कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेले हजारो फॉन्ट विंडोजमध्ये ओतून ठेवलेले असतात, आणि मग कोरल उघडतानाच धापा टाकतं. रोजच्या वापरातले ठेवून बाकीचे बाजूच्या फोल्डरमध्ये काढले.

उरलेल्या तीन तक्रारी डिस्क आणि मेमरी यांच्या मधल्या आहेत. त्यांची गाठ सोडवायला जरा वेळ द्यावा लागतो.

डिस्क शंभर टक्के, वेग मात्र नाही

सकाळी पीसी सुरू होताना टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आकडा लाल होऊन बसलेला असतो, आणि शेजारी डेटाचा वेग सेकंदाला एक एमबीच्याही आत. हे दृश्य जुन्या पीसीवर ज्याने पाहिलं नाही असा माणूस विरळा. हार्ड डिस्क सलग फाइल वाचते तेव्हा सेकंदाला १०० एमबीच्या वर जाते. मग इथे काय होतं?

मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या वर. सुई त्या वर्तुळापर्यंत न्यायला आणखी ८-९. एकूण बारा-तेरा मिलिसेकंद. या हिशेबाने इकडचं तिकडचं वाचायचं असेल तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास वेळाच जमतं. विंडोज सुरू होताना किंवा मेमरीतून बाहेर टाकलेली पानं (मेमरीचे छोटे ठरावीक तुकडे) परत आणताना मागण्या अशाच विखुरलेल्या, चार-चार केबीच्या असतात. अगदी शंभर धरल्या तरी शंभर गुणिले चार, ४०० केबी. डिस्क जीव तोडून धावतेय आणि हाती सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा लागत नाही. साध्या साटा एसएसडीला (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) तीच मागणी पुरवायला एका मिलिसेकंदाचा दहावा भाग लागतो. रॅमला लागतात शंभरच्या आसपास नॅनोसेकंद, म्हणजे हार्ड डिस्कच्या साधारण लाखाव्या हिश्शाइतकाच वेळ.

हा लाखपटीचा फरक ध्यानात आला की रॅम वाढवल्याने मशीन 'पळतं' ही समजूत कुठून आली तेही कळतं. रॅम कमी पडते तेव्हा विंडोज काही पानं डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ढकलते आणि लागली की परत आणते. हे इतकं महाग पडतं की त्यावेळी एक पट्टी टाकली तर जादू झाल्यासारखं वाटतं. ज्याने एकदा ती जादू पाहिली तो पुढे प्रत्येक मशीनला तेच औषध देतो.

मेमरी आणि दुय्यम साठवण मिळून एकच मोठी मेमरी आहे असं प्रोग्रॅमला भासवायची युक्ती मँचेस्टर विद्यापीठातल्या ॲटलस या यंत्रात १९६२ साली आली. ती युक्ती कधी अंगलट येते याचा उलगडा संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ साली 'वर्किंग सेट'च्या कल्पनेने केला. प्रोग्रॅम कितीही मोठा असो, एका वेळी त्याची काहीच पानं हाताळली जात असतात. ती सगळी रॅममध्ये मावली तर काम सुरळीत. थोडी जरी मावेनाशी झाली तर एक आणायला दुसरं बाहेर, आणि लगेच ते दुसरंच परत हवं, अशी नुसती ने-आण सुरू होते. वेग हळूहळू उतरत नाही, एकदम कोसळतो. उलट बाजूने पाहिलं तर, चालू कामाची पानं मावल्यावर वर आणखी आठ जीबी टाकली तरी त्यांना करायला काम नसतं. फार तर विंडोज त्यात फाइली आगाऊ आणून ठेवते, तेवढा फायदा.

म्हणून बघायचं हे, की ताईंचं चालू काम या मशीनमध्ये मावतं की नाही. 'मेमरी ८५ टक्के भरली' एवढ्याने ते कळत नाही; भरलेली मेमरी हा दोष नव्हेच, रिकामी ठेवून विंडोजला काय मिळणार? रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरीच्या पानावर दर सेकंदाचे हार्ड फॉल्ट, म्हणजे हवं ते पान रॅममध्ये नसल्याने डिस्कवरून आणावं लागल्याचे प्रसंग, दिसतात. नवा प्रोग्रॅम उघडताना ते उसळतात, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. प्रोग्रॅम डिस्कवरून आणतानाही ते मोजले जातात. पण दोन्ही प्रोग्रॅम उघडून झाल्यावर, नुसतं एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाताना ते शेकड्यांत चढून तिथेच रेंगाळत असतील, आणि त्याच वेळी डिस्क शंभर टक्क्यांवर असेल, तर मेमरी अपुरी आहे हे पक्कं.

आणि फोटोशॉपवाल्यांसाठी तर आयतं मीटर आहे. फाइलच्या खिडकीखालच्या पट्टीत 'एफिशिअन्सी' निवडून ठेवायचं. आकडा १०० असेल तर फोटोशॉपला मेमरी पुरतेय. शंभरच्या खाली गेला की तो स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे डिस्कवरच्या आपल्या कच्च्या जागेत, लिहायला लागला. वर्षानुवर्षं फोटोशॉप वापरणाऱ्या ऑपरेटरांनाही हे मीटर ठाऊक नसतं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

दुकानात हे सगळं लावून पाहिलं. सकाळच्या सुरुवातीला डिस्क पूर्ण गुंतलेली, पण मेमरी अजून निम्मीही भरलेली नाही. म्हणजे पहिल्या तक्रारीचं मूळ डिस्क, रॅमचा संबंध नाममात्र. फ्लेक्सची फाइल चालू असताना एफिशिअन्सी शंभरच्या बरीच खाली, आणि त्यात व्हॉट्सॲप वेब उघडलं की हार्ड फॉल्ट थांबायचं नाव घेईनात. या दोन तक्रारी मेमरीच्याच. दुरुस्तीवाल्याचं निदान पाचपैकी दोन ठिकाणी बरोबर होतं.

तरीही त्याचं औषध लागू पडणार नव्हतं.

मेख

सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम'खालच्या 'अबाउट' या पानावर दोन ओळी होत्या. पहिली : इन्स्टॉल्ड रॅम ४ जीबी, त्यातली वापरता येणारी साडेतीनच्या आत. दुसरी : ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स-६४ प्रोसेसर.

प्रोसेसर ६४-बिटचा, विंडोज ३२-बिटची. २०१३ साली कुणीतरी विंडोज ७ ची ३२-बिट आवृत्ती टाकली, कारण मराठी टंकांच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगल (परवान्यासाठी पीसीला खोचायची किल्ली) तिच्यावरच चालत होतं आणि पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या फाइलींचा ढीग त्या टंकांत होता. पुढे २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० फुकट देऊ केली तेव्हा ती यावरही आली. पण त्या अपग्रेडमध्ये ३२-बिटवरून ३२-बिटवरच जाता येत होतं. नाव नवं झालं, मर्यादा जुनीच राहिली.

३२ बिटांत २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतके पत्ते लिहिता येतात. एका बाइटला एक पत्ता, म्हणून एकूण ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक आणि इतर उपकरणांसाठी राखलेले, म्हणून प्रत्यक्षात हाती साडेतीन जीबीच्या आत. याला पळवाट होती हे खरं. इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रोपासूनच ३६ बिटांच्या पत्त्यांची सोय दिली होती आणि विंडोजच्या काही ३२-बिट सर्व्हर आवृत्त्या तिच्या जोरावर ६४ जीबीपर्यंत जात. घरगुती आवृत्त्यांना मात्र मायक्रोसॉफ्टने ४ जीबीवरच अडवलं. त्याशिवाय ३२-बिट विंडोजवर कुठल्याही एका प्रोग्रॅमच्या वाट्याला साधारणपणे २ जीबीच पत्ते येतात. म्हणजे फोटोशॉपची भूक कितीही असो, त्याचं ताट दोन जीबीचं.

हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. दुसऱ्या पीसीतही तशीच ४ जीबीची डीडीआर-३ पट्टी होती. दोन्ही मशीन बंद करून, प्लग काढून, ती पट्टी मुख्य पीसीच्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसवली. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) ८,१९२ एमबी दिसले, काकांचा चेहरा खुलला. विंडोज सुरू झाल्यावर त्याच पानावर : इन्स्टॉल्ड ८ जीबी, वापरण्याजोगी तेवढीच, साडेतीनच्या आत. फ्लेक्सची तीच फाइल, तेच लेअर, तेच फिल्टर. मीटर जिथे होतं तिथेच.

"म्हणजे पट्टी घेतली असती तर पैसे पाण्यात?" काकांनी विचारलं.

पाण्यातच. आणि वाईट म्हणजे तसं कळलंही नसतं. मेमरी वाढवल्यावर पीसी बंद-चालू होतो, आधीचा पसारा साफ होतो, पहिला अर्धा तास मशीन हलकं वाटतं आणि 'फरक पडला' असं म्हणून बिल चुकतं होतं.

फ्लेक्सचा हिशेब

पट्टी परत जागेवर लावली, पण प्रश्न उरलाच होता. ६४-बिट विंडोज टाकली तर किती मेमरी पुरेल? यासाठी दुकानदाराला विचारण्याऐवजी कामालाच विचारावं.

ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे २,४८० गुणिले ३,५०८ पिक्सेल. छपाईच्या चार रंगांच्या सीएमवायके पद्धतीत एका पिक्सेलला चार बाइट, म्हणून एका भरलेल्या लेअरचे (चित्राच्या थराचे) सुमारे ३३ एमबी. चार जीबीत हे काम आरामात होतं, आणि पूर्वी दुकान असल्याच कामांवर चालायचं. आता फ्लेक्स घ्या. २० बाय १० फुटांचा बॅनर, ताईंच्या सवयीने पूर्ण मापात ७२ डीपीआय. १७,२८० गुणिले ८,६४०, म्हणजे जवळपास १५ कोटी पिक्सेल. एका लेअरचे ५७० एमबी. पार्श्वभूमी एक, वर रंगाची झाक, त्यावर फोटो, आणि मागे फिरता यावं म्हणून फोटोशॉप प्रत्येक मोठ्या बदलाची आधीची अवस्था जपून ठेवतो ती वेगळीच. दोन जीबीचं ताट चार-पाच क्लिकमध्ये भरतं. मशीन म्हातारं झालं असं दुकानात म्हणतात. खरं तर काम सतरापट वाढलंय आणि मशीन २०१३ मध्ये होतं तेवढंच आहे.

इथे एक फुकटची युक्ती हाती लागली. वाढदिवसाच्या बॅनरवरचे 'भाऊ' आठ फूट उंच. ७२ डीपीआयला आठ फूट म्हणजे ६,९१२ पिक्सेल. भाऊंचा फोटो आला व्हॉट्सॲपवरून, तिथे तो आकसून बहुधा १,६०० पिक्सेलच्या आसपास उरलेला. तो चौपट ताणून बसवल्याने भाऊंच्या मिशीचे नवे केस दिसणार नाहीत. फक्त मेमरी खर्च होते. बॅनर चौकात उंचावर लागणार, लोक रस्त्याच्या पलीकडून बघणार. तोच बॅनर ३६ डीपीआयला केला तर पिक्सेल पाव होतात आणि लेअर १४२ एमबीवर येतो. अक्षरं कोरलमध्ये वेक्टर म्हणूनच ठेवायची, म्हणजे त्यांच्या कडा फुटत नाहीत. प्रेसवाल्याला विचारून घेतलं. मोठ्या मापाच्या बॅनरला ३६ डीपीआय चालवायला त्याची हरकत नव्हती. फाइलही हलकी झाल्याने पाठवण्याची आठ मिनिटं आपोआप उतरली.

एक पैसा न घालता पाचपैकी तीन तक्रारी सैलावल्या. माझ्या मते काही खरेदी करण्याआधी हे व्हायलाच हवं, नाहीतर वाढवलेली मेमरी फुगवलेल्या फाइलीच खाऊन टाकतात.

आधी काय, मग काय

हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तो स्मार्ट अहवाल पाहिला. बाद होऊन दुसरीकडे हलवलेले किंवा वाचताच न येणारे सेक्टर वाढत असतील तर 'स्लो' ही तक्रार नसून धोक्याची घंटा असते, आणि अशा वेळी आधी फाइलींची प्रत, बाकीचं नंतर. इथे डिस्क धडधाकट निघाली.

खर्चाचा क्रम असा ठरला : एसएसडी, तिच्यावर ६४-बिट विंडोज, आणि शेवटी गरज दिसली तरच रॅम. सगळं एकदम करून मोकळं व्हावं असं काकांना वाटत होतं. पण एसएसडी मेमरीची टंचाई झाकते. ने-आण चालूच असते, फक्त टोचत नाही. दोन्ही एकदम घातलं तर दुसरी वस्तू खरंच लागत होती का हे कधीच कळत नाही.

एसएसडीला पहिला मान देण्याचं आणखी एक कारण होतं आणि माझ्या लेखी तेच मोठं. या मशीनचं आयुष्य मोजकं आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवून मिळणारी वाढीव सुरक्षा घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते, तिसऱ्या पिढीला तिथे अधिकृत प्रवेश नाही. म्हणजे हा पीसी आज ना उद्या बदलायचाच. तेव्हा डीडीआर-३ ची पट्टी त्याच्याबरोबरच जाईल. तिला २४० पिना, डीडीआर-४ ला २८८, खाचही वेगळ्या जागी. अडीच इंची साटा एसएसडी मात्र काढून नव्या मशीनला लावता येते.

घेताना दोन खबरदाऱ्या. एच-६१ बोर्डवर एम-डॉट-टू चा स्लॉट नाही, त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून ती चपटी एसएसडी आणायची नाही. आणि या चिपसेटचे साटा पोर्ट सेकंदाला ३ गिगाबिटचे आहेत, म्हणून खोक्यावर छापलेले ५०० एमबी दिसणार नाहीत, २७०-२८० वर गाडी थांबेल. त्याने बिघडत काही नाही. आपली लढाई चार-चार केबीच्या विखुरलेल्या मागण्यांशी आहे, तिथे हा पोर्ट आड येत नाही. फोटोशॉप स्क्रॅचवर सारखं लिहून एसएसडी झिजवेल का, अशी शंका दुरुस्तीवाल्याने काढली. शंका रास्त. एखाद्या छोट्या एसएसडीला ८० टीबी लिखाणाची हमी असेल आणि दुकान रोज २० जीबी लिहीत असेल, तर ४,००० दिवस. दुकान त्याआधी दुसरं मशीन घेईल.

३२-बिटवरून ६४-बिटवर थेट उडी मारता येत नाही, नव्याने विंडोज टाकावी लागते. परवाना तोच चालतो. फोटोशॉपचीही ६४-बिट आवृत्ती टाकली. डोंगलचा प्रश्न दुसऱ्या पीसीने सोडवला : त्याची ३२-बिट विंडोज तशीच ठेवली, इंटरनेटची वायर काढली, पेजमेकर आणि जुन्या टंकांतल्या फाइली त्याच्यावर. वर्षातून एकदा कुणी बिलबुकाची जुनी फाइल मागतं, त्यासाठी तो पुरेसा आहे.

सकाळचा चहा आता पीसीसाठी घ्यावा लागत नाही. ताई एवढ्यावरच खूश. "काका, झालं की आता, रॅम कशाला?" पण मीटर पाहिलं तर ६४-बिट विंडोज स्वतःच जास्त मेमरी घेत होती, आणि जुन्या ७२ डीपीआयच्या फाइलींवर एफिशिअन्सी अजून शंभराला पोहोचत नव्हती. व्हॉट्सॲप वेब, कोरल आणि फोटोशॉप तिन्ही उघडे ठेवून इकडून तिकडे गेलं की हार्ड फॉल्ट चढत होते. लटकणं गेलं होतं, टंचाई नव्हती गेली. मग दुसऱ्या पीसीतली पट्टी पुन्हा उसनी आणली. आता विंडोजला आठही जीबी दिसले, मीटर १०० वर गेलं, आणि तिन्ही प्रोग्रॅम चालू असताना वर एक जीबीहून जास्त मोकळी राहिली.

तेव्हा पट्टी विकत घेतली, चारचीच. दोन सारख्या पट्ट्यांनी ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण) चालू होतो, आणि मेमरीतूनच चित्र काढणाऱ्या मशीनला त्याचा थोडा आधार मिळतो. दुकानदाराने आठ जीबीची एक पट्टी चारच्या भावाला जवळ जाईल इतकी स्वस्त दाखवली होती. डीडीआर-३ मधल्या असल्या काही पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डवर चालतात आणि इंटेलच्या बोर्डवर मशीन सुरूच होत नाही, म्हणून त्या वाटेला गेलो नाही. बिलावर 'न चालल्यास परत' लिहून घेतलं. पट्टी लॅपटॉपची आखूड नव्हे, डेस्कटॉपची लांब आहे ना, हेही काउंटरवरच पाहिलं.

काकांनी विचारलं, मग सोळाच का करून टाकू नयेत? आठमध्ये काम मावून वर जागा उरतेय हे त्यांनाच पडद्यावर दाखवलं.

कोरलमधल्या शॅडो अजून रेंगाळतात. जुन्या बाजारात आय-७ ३७७० मिळतो, बायोसने ओळखला तर याच बोर्डवर बसतोही, पण त्याचा जोर जास्तीच्या कोअरमध्ये आहे. एका थ्रेडचा वेग ३.३ वरून फार तर ३.९ गिगाहर्ट्झवर जाईल. तेवढ्यासाठी पैसे घालू नका असं सांगितलं. ताई वायरफ्रेमवर काम करतात.